दहाच्या वरचा एक

आमच्या स्वयंपाकघरात एक खण आहे. त्यात रबरबँड, बाटल्यांची झाकणं, सुतळीचे तुकडे, बंद पडलेला लायटर असं सगळं आहे. मुद्दाम कोणी जमवलेलं नाही, पण आता खण उघडायला गेलं की अडकतो! ऑफिसातल्या गोष्टींचं माझ्याकडे तसंच झालंय. कोणी नुसतं "काय गं, कसं चाललंय काम?" विचारलं तरी दोन-तीन आपोआप बाहेर पडतात. म्हटलं, एकदा खण उपडाच करावा.

ऑफिस म्हणजे आमची ग्रामपंचायत. खारबावच्या अलीकडचं गाव. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय ते सगळे रोज समोर येतात. झालं असं, की वरून नियम आला. पंचायतीच्या कंत्राटी माणसांचं काम मोजायचं. दर महिन्याला घरोघरी जाऊन प्रत्येकाला दहापैकी किती मार्क ते विचारायचं आणि सरासरी काढून फळ्यावर लावायची. लागोपाठ तीन महिने जो पाचच्या खाली, त्याचं कंत्राट बंद! घरोघरी फिरायला एक बाई पाहिजे होती. अट, सातवी पास.

मी सातवी पास. एक इयत्ता जास्त नाही, एक कमी नाही. माझं शिक्षण जन्मात पहिल्यांदा कुठेतरी मापात बसलं!

ग्रामसेविका मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वैशाली, लोक जे बोलतील तेच लिहायचं. आपलं डोकं लावायचं नाही."

लग्न झाल्यावर सासरीही मला हेच सांगितलं होतं. त्यामुळे काम जड गेलं नाही.

*

पहिलं घर अजून आठवतं. ओटीवर एक मावशी तांदूळ निवडत बसलेल्या. मी फॉर्म काढला. त्यांनी आधी मला विचारलं, "तू कोनाची?" मग माहेर कुठलं, सासू कोण, मूल किती, एकच का. त्यात चहा झाला. शेवटी मी म्हटलं, "मावशी, तो लाईटवाला सुभाष. त्याचं काम कसं आहे? दहापैकी किती मार्क देणार?"

मावशी विचारात पडल्या. तेवढ्यात आतून आवाज आला, "मावशे, आठ सांग!"

सुभाष आत पोहे खात बसला होता. सख्खा भाचा!

मावशींनी मान न वळवता सांगितलं, "आठ कशाला? माझेच दारानला दिवा पंधरा दिवस बंद हाय. सहा लिव."

आतून चमचा आपटल्याचा आवाज. मग, "मावशे, कांदा कमी पडलाय पोह्यात."

"पाच लिव," मावशी म्हणाल्या.

*

आमची झाडूवाली कमलताई. तिच्यासाठी वेगळा नियम आला. रस्ता झाडायच्या आधीचा एक फोटो, झाडल्यानंतरचा एक फोटो, दोन्ही मोबाईलवरून पाठवायचे. कॉम्प्युटरवर बसणारा नितीन ते बघून बरोबरची खूण करतो.

आठवडाभर कमलताईचे फोटो परत येत होते. "फरक दिसत नाही" म्हणून! बिचारी रडकुंडीला आली. "अगं, मी संध्याकाळीच झाडून ठेवते. सकाळी कचरा आणू कुठून?"

मग काय झालं कोणास ठाऊक, तिचे फोटो पास व्हायला लागले. आधी कचरा, नंतर चकाचक. मॅडमनी मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एक दिवस नितीन स्क्रीनकडे बघत मला म्हणाला, "ताई, ही निळी चप्पल बघा. सोमवारी मारुतीच्या देवळाजवळ. मंगळवारी शाळेजवळ. आज गोडाऊनच्या रस्त्यावर. एकाच पायाची चप्पल गावभर फिरतेय!"

मी कमलताईला विचारलं. तिने पिशवी उघडून दाखवली. सुकी पानं, दोन वेफरची पाकिटं आणि ती चप्पल. म्हणाली, "रोज नवीन कचरा कोण शोधणार? हाच टाकते, फोटो काढते, परत भरते."

नितीनने ते कोणाला सांगितलं नाही. फक्त निरोप धाडला, "ताईला म्हणावं, चप्पल बदला."

*

माझा स्वभाव काळजीचा आहे, हे एव्हाना सांगायला पाहिजे होतं. माझी ओवी साडेतीन वर्षांची. अंगणवाडी ऑफिसच्या बाजूलाच आहे, तरी एक गल्ली फिरून झाली की मी एक चक्कर मारून तिला बघून येते. खोकली का, डबा खाल्ला का, दार लावलंय का. माझे मिस्टर वळ गावच्या गोडाऊनला शिफ्टला जातात. ते म्हणतात, "तू गावाचे मार्क घेतेस, पण अंगणवाडीच्या बाई तुला किती देतील ते विचार एकदा!"

काळजीचं मोठं कारण म्हणजे अंगणवाडीसमोरचं गटार. त्याच्यावरची लादी तुटलेली. मोठ्या माणसाचा पाय जाईल एवढं भोक, मग लेकराचं काय!

अशात मॅडमनी मला बोलावलं. तक्रारवही कोरी होती आणि वरून विचारणा आली होती, की एकही तक्रार कशी नाही? आलेली तक्रार दोन दिवसांत सोडवली की पंचायतीला मार्क मिळतात. तक्रारच नाही तर सोडवणार काय?

"वैशाली, एखादी तक्रार आण ना. साधीशी."

मी तिथल्या तिथे पेन घेतलं आणि गटाराचं लिहून दिलं. मनातलं सगळं लिहिलं. पान भरलं.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला. "अगं, ही नको. ही दोन दिवसांत सुटायची नाही. दुसरी आण."

त्यांचा तरी काय दोष? लादीसाठी कागद पुढे पाठवला होता, त्याला दोन पावसाळे झाले होते. त्याच मला म्हणाल्या, "मलाही रोज भीती वाटते गं."

*

ते भोक शेवटी धर्माकाकांनी बंद केलं.

धर्माकाका म्हणजे आमचे पाणी सोडणारे. टाकीखालच्या खोलीत राहतात. बायको वारली, मूलबाळ नाही. पहाटे एका आळीचा वॉल उघडायचा, तो बंद करून दुसऱ्या आळीचा, असं दुपारपर्यंत चालू. बोलणं अगदी कमी. एखाद्या घरात लग्न असलं की न सांगता त्या आळीला पाणी जास्त वेळ. कोणाकडे बाळंतीण आली की तसंच. त्यांना कोण सांगतं, देव जाणे!

त्या दिवशी मी ओवीला आणायला गेले तर भोकावर हे जाड लाकडी दार! आडवं टाकलेलं, बाजूने दगड लावलेले. कडी पण तशीच. मी विचारलं, "काका, हे कुठून आणलं?"

"न्हाणीचा हाय."

"तुमच्या? मग तुम्ही आंघोळ कशी करता?"

"एकटाच तर हाय. दार कोनापासून लावू?"

तेव्हापासून ओवी घरी जाताना रोज त्या दारावर बसते, कडी वाजवते आणि विचारते, "काका, आहात का घरात?" गटारातून काय उत्तर येणार! पण काका टाकीजवळून ओरडतात, "हाय गं, हाय!"

*

आता मार्कांची गंमत. आमच्या आळीच्या टोकाला जनाआजी राहतात. सगळं गाव त्यांना विचारून चालतं. मी फॉर्म घेऊन बसले. सुभाषला त्यांनी पाच दिले. कमलताईला आठ. मग धर्माकाकांचं नाव घेतलं.

"त्याला अकरा लिव."

"आजी, दहापैकी द्यायचे असतात."

"ठाव हाय मना. दहाच्या दहा, आनि वरती एक."

"पण आजी..."

"आहेराच्या पाकिटात तू नुसते दहा घालतेस का? का शंभर घालतेस? एकशे एक घालतेस ना? चांगल्या मानसाला देयाचा तर वरचा एक नको? दहावर ठेवला म्हंजी तिथंच संपला!"

मॅडमचं सांगणं होतं, लोक बोलतील तेच लिहायचं. मी अकरा लिहिले. शेजारच्या घरात पण अकरा. पलीकडे पण अकरा. ज्यांनी सुभाषला साधे सहा दिले, कमलताईला आठ दिले, त्यांतल्या बहुतेकांनी धर्माकाकांना अकराच दिले. एका घरात तर एकवीस सांगत होते, मी हातापाया पडून अकरावर आणले!

*

चाळीतल्या भाडोत्र्यांची कथा वेगळी. तिथे रामसूरत राहतो. कापडाच्या लूमवर कामाला, रात्रपाळी करून आलेला. मी फॉर्म काढल्याबरोबर तो उठून उभा राहिला.

"दीदी, नंबर देने से भाडा तो नहीं बढेगा?"

"नहीं भैया."

"आधार लगेगा?"

"नहीं. बस इतना बोलो, पानीवाले काका को दस में से कितना?"

त्याने आत बायकोशी सल्लामसलत केली. बाहेर येऊन हळूच म्हणाला, "सात लिखो."

"क्यूँ, काका अच्छे नहीं क्या?"

"अरे, बहोत अच्छे! लेकिन दीदी, ज़्यादा बोलूँगा तो सेठ पूछेगा, तू कौन होता है. कम बोलूँगा तो काका को बुरा लगेगा. सात में कोई नहीं पकडता."

मी सात लिहिले. बाकी कामवाल्यांचं विचारलं, त्यांनाही सात. स्वतःच्या चाळीच्या संडासालासुद्धा सात!

*

महिना संपला. फळा लागला. पहिला नंबर कमलताई. दुसरा सुभाष. शेवटचे, पाचच्या खूप खाली, लाल खडूने, धर्माकाका!

सगळ्यात आधी सुभाषच धावत आला. "वैनी, कायतरी घोळ हाय. मी दुसरा? मीच माझे दिवे बघितलेत ना!"

मी घरी जाऊन मला आठवतील तेवढ्या घरांचे मार्क वहीवर मांडले. बेरीज केली. भागाकार केला. काकांची सरासरी आली दहाच्या वर. दहापैकी दहाच्या वर! मग मला वाटलं, माझंच गणित कच्चं. सातवीत मला गणितात कसेबसे मार्क पडले होते. आता जाऊन मॅडमना सांगू, "तुमचा कॉम्प्युटर चुकला, माझी वही बरोबर"? तोंड उघडलं नाही. ही माझी चूक. काळजी करणाऱ्या माणसाला सगळ्या गोष्टींची भीती वाटते, बोलण्याची सगळ्यात जास्त.

काका फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. मग टाकीकडे गेले. आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी पंधरा मिनिटं आधी यायला लागलं. जाताना प्रत्येक दारात विचारायचे, "जोर कमी तर न्हाय ना?" जनाआजींच्या नळाला गळती होती, ती स्वतः बसून काढली.

लोक इतके खूश, की पुढच्या महिन्यात ज्यांनी आधी नऊ दिले होते त्यांनीही अकरा केले.

फळा लागला. काका अजून खाली!

*

दोन लाल झाले. तिसरा झाला की काका घरी. घरी म्हणजे तरी कुठे? खोली पंचायतीचीच. मला झोप लागेना, जेवण जाईना. ओवी दारावर बसून कडी वाजवायची, मला ते बघवेना.

शेवटी मी नितीनच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. म्हटलं, "मागच्या महिन्याचे फॉर्म काढ आणि माझ्यासमोर परत भरून दाखव."

त्याने भरायला घेतलं. कमलताई, आठ. पुढे. सुभाष, सहा. पुढे. धर्माकाका, अकरा. कॉम्प्युटरने 'टिंग' केलं आणि अडला. नितीनने सहज एक बटण दाबलं. मागचा आकडा खोडला गेला. राहिला एक. कॉम्प्युटर गपचूप पुढे गेला.

"हे काय केलंस?"

"ताई, दहाच्या वर तो घेतच नाही. एक आकडा खोडला की पुढे जातो. नाहीतर इथेच अडकून बसायला लागतं."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने फॉर्मकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. मग पुढचा फॉर्म, अकरा. त्याच्या पुढचा, अकरा. पोराने बटणांवरून हात काढून घेतला.

"ताई," तो म्हणाला, "माझ्या आईने पण अकराच दिलेत."

*

मॅडमनी कपाळाला हात लावला. दोन महिन्यांचे तक्ते वर गेले होते, ते आता बदलता येत नव्हते. "पण तिसरा आपल्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "दहाच्या आतले आण. काहीही कर. आणि हो, या वेळी थोडं डोकं लाव!"

मी थेट जनाआजींकडे गेले. सगळं समजावलं. अकरा सांगितले की कॉम्प्युटर एक धरतो, एक धरला की काकांची नोकरी जाते.

आजी भडकल्या. "असा कसा तुमचा कॅम्पुटर? वरचा ठेवतो आनि खालचे दहा खातो?"

"आजी, पाया पडते, दहा म्हणा."

"दहा न्हाय सांगनार. चांगल्या मानसाला पुरा आकडा देऊ? उद्या त्याला काय झाला तर?"

"मग काय करू हो? आणखी एक लाल झाला की गेले काका!"

आजींनी अडकित्ता घेतला. सुपारी कातरली. मग म्हणाल्या, "नऊ चालतील तुझ्या कॅम्पुटरला?"

"चालतील! पळतील!"

"मंग नऊ लिव. वरचे दोन मी बघते."

वरचे दोन म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. नऊ लिहिले आणि पळाले. पुढच्या गल्लीत पोचेपर्यंत निरोप माझ्या आधी पोचला होता. मी बसायच्या आत बायका म्हणायच्या, "नऊ लिव, नऊ! बाकीचा आमचा आमी बघतो." सगळ्या गावात फक्त रामसूरत ऐकेना. "दीदी, सात ही रहने दो. आदत हो गई है." मी त्याला पण समजावलं, कागदावर किती, अकराला वरचे किती, आजींनी काय तोड काढली. त्याने मान डोलावली आणि परत म्हणाला, "सात."

शनिवारी नितीनने माझ्यासमोर सगळे आकडे भरले. नऊ, नऊ, नऊ. मध्ये एक सात. परत नऊ. कॉम्प्युटर एकदाही अडला नाही. नितीनने प्रत्येक आकडा दोनदा वाचून दाखवला. फळा सोमवारी लागणार होता. मॅडम म्हणाल्या, तोपर्यंत कोणाला बोलू नका. आमच्याकडे सांगितलेलं काम नीट केलं की काहीतरी बिघडतं, म्हणून मीही तोंड बंद ठेवलं. काकांना सुद्धा सांगितलं नाही.

*

रविवारी सकाळी दारात धर्माकाका. हातात ही मोठी पिशवी. डोळे लाल. ओवी नाचायला लागली, "काका आपल्या घरात आले!"

मी म्हटलं, "या ना काका, बसा."

बसले नाहीत. पिशवी जमिनीवर ठेवली. "पोरी, खरा सांग. माझी नोकरी गेली ना?"

"कोण म्हणालं?"

"कोनी बोलत न्हाय. तोच तर! दोन दिवस झाला, वॉल सोडून परत येतो तर जो तो दारात थांबवतो. हातात कायतरी ठेवतो आनि आत जातो. जनाआजीनं दोन भाकऱ्या. नितीनच्या आयशीनं दोन अंडी. तिच्या बाजूला दोन सुके बोंबील. कोनी दोन वांगी, कोनी दोन लाडू. सुभाषनं दोन बल्ब दिले, आनि ते लागतात पन! मानूस गावातून जायला निघाला की असाच देतात ना?"

काकांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, मॅडम गेल्या उडत.

"काका, कुठे जायचं नाहीये तुम्हाला. तुमचे नऊ कागदावर गेले. हे वरचे दोन आहेत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. पिशवीकडे बघितलं. खाली बसले आणि एकेक वस्तू बाहेर काढून जमिनीवर जोड्या लावायला लागले. भाकऱ्या. अंडी. बोंबील. वांगी. लाडू. बल्ब. ओवी शेजारी बसून प्रत्येक जोडीला "दोन" म्हणत होती.

तळाला हात घालून ते थांबले. एक केळ्याची फणी बाहेर काढली. ओवीने मोजलं, परत मोजलं.

काका म्हणाले, "मंग त्या रामसूरतनं चार का दिली?"